गच्चीवरच्या रांजणाची चौकशी

माझी बायको मालजा गेली हे आमच्या चर्चच्या मंडळीला कळलं तो दिवस रविवार होता. तिला निरोप देऊन तेव्हा अर्धं वर्ष झालं होतं.

वाक्य जरा चमत्कारिक झालं, पण दुसरं सुचत नाही. ती वारली तेव्हा सगळे आले होतेच. इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये सगळे मांडी घालून बसले, लाल तिखट सूप प्यायले, भाताचे वाडगे रिकामे केले आणि "फार चांगली बाई" असं म्हणाले. चर्चचे ज्येष्ठ पुढारी उम पंच यांनी प्रार्थना केली. ती इतकी लांबली की मधेच एकजण वर जाऊन वाट अडवणारी आपली गाडी हलवून आला, तरी त्याला 'आमेन' मिळालं. पण रडलं असं कुणी नाही. मला वाटलं, शिस्तीची माणसं आहेत. मीही शिस्तीत बसलो.

मग तो रविवार आला. उपासनेनंतर आमच्या चर्चमध्ये सगळे एकत्र जेवतात. मुळ्याच्या वाळवलेल्या पाल्याचं सूप, भात आणि किमची. मंडळीबाहेरचेही येतात. सुपात पडतं ते सोयाबीनचं आंबवलेलं जांग मालजा दर वर्षी गच्चीवरच्या रांजणात घालायची. ती गेल्यावर उरलेलं पुरवून पुरवून वापरलं. शेवटी स्वयंपाकाच्या प्रमुख ग्वाकबाईंनी रांजणात कमरेपर्यंत शिरून तळ खरवडला. त्या रविवारी सुपात पहिल्यांदा दुकानातलं, प्लॅस्टिकच्या डब्यातलं जांग पडलं.

पहिला चमचा तोंडात गेला आणि हॉल गप्प झाला. इतका गप्प तो प्रवचनातही नसतो. मेंग आजोबा नेहमीसारखे दाराशी बसले होते. हे मागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहतात. देवाबद्दल त्यांना काही मत नाही, सुपाबद्दल आहे. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "का रे प्यो, मालजा गेली का?"

"गेली ना आजोबा. वसंतातच गेली. तुम्ही आला होतात की."

"आलो होतो रे," ते म्हणाले. "पण मला वाटलं..." पुढे काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही.

ग्वाकबाईंनी एप्रन डोळ्यांना लावला. मग शिलाईच्या कारखान्यातल्या बायका सुरू झाल्या. उम पंचांनी नाक शिंकरलं. बघता बघता अख्खी मंडळी सुपात रडायला लागली. मी अवघडून बसलो. नवरा मी. मला धरून कुणी रडलं नव्हतं, आणि आता वाडगा धरून रडत होते. अशा वेळी माणूस दुखावतो, आणि दुखावलेला माणूस उभा राहून काहीतरी बोलतो. मी उभा राहून म्हणालो, "यंदाचं जांग मी घालतो."

रडणं ताबडतोब थांबलं.

माझा धंदा लिफ्ट तपासण्याचा होता. सोलमधल्या कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्ट मी मान्य आणि अमान्य केल्या. आमच्या चर्चच्या इमारतीला लिफ्ट नाही. चांगशिनच्या चढावर, शिलाई मशिनांच्या खडखडाटात ती उभी आहे. तळमजल्यावर उम पंचांचं बटणांचं घाऊक दुकान, वर पांगचा बिलियर्ड हॉल, त्याच्यावर आमचं 'नवा झरा चर्च', आणि आमच्यावर गच्ची, लाल दिव्यांचा क्रॉस आणि मालजाचे रांजण. मालजा मला वर बोलवायची ती झाकण उचलायला. आत काय चाललंय हे बघायची मला कधी गरज पडली नाही. ते ठीक चाललेलं होतं.

मी जांग घालणार म्हटल्यावर जो तो मला शिकवायला लागला. ग्वाकबाई दक्षिणेच्या. त्यांच्याकडे मीठ जास्त. उम पंचांच्या मिसेस पूर्वेच्या. त्यांच्या मते दक्षिणेची माणसं मिठात सोयाबीन घालतात. मिठाचं पाणी बरोबर झालं की नाही हे बघायला त्यात ताजं अंडं सोडतात. अंड्याचा जेवढा भाग वर तरंगतो तो नाण्याएवढा हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण कुठल्या नाण्याएवढा, यावर दोघींचं बोलणं बंद झालं. माझ्या मुलीनेही फोनवर सल्ला दिला. ती उल्सानला असते.

"बाबा, ऑनलाइन मागवा ना. सकाळी दारात येतं."

"तुझ्या आईचं येतं का?"

ती म्हणाली, "तसं नव्हतं म्हणायचं मला." मलाही तसं नव्हतं म्हणायचं. फोन ठेवल्यावर मी सोयाबीन भिजत घातलं, कारण दुसरं काय करणार.

सोयाबीन चर्चच्या स्वयंपाकघरात दिवसभर शिजलं. शिजून लालसर झालं की ते कुटायचं आणि त्याच्या विटा थापायच्या. कुटायला उखळ नव्हतं. मालजा स्वच्छ गोणीत घालून पायांनी तुडवायची, असं ग्वाकबाईंनी सांगितलं. मी शनिवारी दुपारी हॉलमध्ये नवे मोजे घालून एकटाच तुडवत होतो. म्हाताऱ्या माणसाने एकट्याने एका जागी पाय आपटत राहणं दिसायला बरं नाही. नेमके तेव्हाच आमचे बेक पाळक आत आले.

बेक पाळक तरुण आहेत. मनाने चांगले आहेत. त्यांना उपासनेत नवनवीन करायचं असतं. आल्या आल्या त्यांनी व्यासपीठ काढून जिन्याखाली ठेवलं आणि आम्हाला गोल बसवलं. एका रविवारी त्यांनी कारखान्यांतल्या चिंध्या आणून आपापलं दुःख चिंधीला गाठ मारून बांधायला सांगितलं. सगळ्यांच्या चिंध्या त्यांनी एकमेकींना जोडल्या. त्या सुटेनात, म्हणून अजून तशाच पडद्यामागे आहेत. उम पंच या सगळ्याला 'बालवाडी' म्हणतात. पण मालजाला पाळक आवडायचे. ती म्हणायची, पोरगा देवाला कंटाळू देत नाही.

पाळकांनी मला तुडवताना पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "प्योकाका," ते म्हणाले, "हीच उपासना आहे."

"हे सोयाबीन आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गोलाच्या मधोमध गोण्या होत्या. पाळकांनी श्रमावर थोडं बोलून गीत सुरू केलं आणि अख्खी मंडळी पाळीपाळीने, हात धरून, ठेक्यात सोयाबीन तुडवायला लागली. शिलाईवाल्या बायका खूष झाल्या. आठवडाभर बसून त्यांचे पाय आखडलेले असतात. उम पंच भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी ओढल्यावर नाइलाजाने आले, आणि त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे हे मंडळीला कळलं. तिसऱ्या कडव्याला दार उघडलं. दारात हातात बिलियर्डची काठी घेऊन पांग उभा होता.

"काय चाललंय काय?" तो ओरडला. "खाली टेबलावरचे चेंडू आपोआप चालतायत! माझं गिऱ्हाईक शेवटच्या फटक्याला होतं. सगळ्यांच्या नूडल्सची पैज लागली होती त्यावर!"

"बंधू, आम्ही देवाची स्तुती करतोय," पाळक म्हणाले.

"बसून करा ना!" पांग म्हणाला. मग त्याने खाली गोण्यांकडे पाहिलं, नाकपुड्या फुगवून वास घेतला. "हे मालजाकाकूंचं का?"

"हो," मी म्हणालो.

त्याने काठी खाली टेकवली. "किती कडवी राहिलीत?"

"दोन."

"बरं, पण हळू," असं म्हणून तो गेला. तो मंडळीतला नाही, पण दर रविवारी सुपाचा डबा त्याच्याकडे खाली जायचा.

विटा थापून झाल्या. त्या भाताच्या पेंढ्याने बांधून उबेला टांगायच्या असतात. पेंढा नसेल तर बुरशी बरोबर धरत नाही. सोलमध्ये पेंढा शोधून बघा. शेवटी ग्वाकबाईंच्या भावाने गावाहून कुरिअरने पाठवला. उबेची जागा एकच होती, ती म्हणजे उपासनेचा हॉल. पाळकांनी नाताळसाठी छताला तारा बांधून चांदण्या लटकवल्या होत्या. चांदण्यांच्या मधे मधे विटा लटकल्या.

त्या नाताळाविषयी मी थोडक्यातच सांगतो. विटांना बुरशी धरली, आधी पांढरी आणि मग निळसर. वास फार मोठा नव्हता, पण सगळीकडे होता. मुलांनी येशूजन्माचं नाटक केलं, त्यातला एक मेंढपाळ नाक धरून बोलला. देवदूताच्या पंखाने एक वीट खाली पडली ती नेमकी गव्हाणीत. पाळक म्हणाले, किती सूचक. उम पंच म्हणाले, "बाळाच्या डोक्यात पडली असती तर काय सुचलं असतं?" मालजा असती तर हसून हसून बाहेर गेली असती. तिच्या जागेवर मी उरलेल्या विटांची पिशवी ठेवली होती.

नाताळ झाला आणि वॉर्ड ऑफिसातून एक मुलगी आली. समोरच्या कारखान्यातून वासाची तक्रार होती. मुलगी नम्र होती. हातात टॅब होता. तिने वर पाहिलं आणि बराच वेळ वरच पाहत राहिली.

"काका, हे कशात घालू?" तिने विचारलं. "दुर्गंधी म्हटलं तर दंड आहे. अन्नपदार्थ म्हटलं तर परवाना लागतो, कारण तुम्ही बाहेरच्यांना जेवू घालता."

"तिसरं काय आहे?"

तिने बोट फिरवून शोधलं. "धार्मिक वस्तू. त्याला काही लागत नाही."

माझ्या नोकरीत मी असे पुष्कळ रकाने भरलेत. कुठल्या रकान्यात लिफ्ट चालू राहते आणि कुठल्यात बंद पडते हे मला कळतं. मी पाळकांकडे पाहिलं. पाळक म्हणाले, "खरं तर आहेतच." त्या मुलीने लिहून घेतलं, 'उपासनेच्या वस्तू, छताला टांगलेल्या', आणि माझी सही घेतली. जाताना म्हणाली, "माझी आजी पण घालायची." त्या दिवशी मला वाटलं, यात आपण हुशारी केली.

चांद्रवर्षाचा पहिला महिना आला. आता विटा धुऊन मिठाच्या पाण्यात सोडायच्या. मुहूर्ताचा प्रश्न निघाला. ग्वाकबाई हळूच म्हणाल्या, दिवस बघून घाला, भुतंखेतं हिंडत नाहीत असा. हे उम पंचांनी ऐकलं. ते म्हणाले, ख्रिस्ती माणसाला सगळे दिवस सारखे. मग आम्ही असा दिवस धरला जो सगळ्यांसारखाही होता आणि ग्वाकबाईंच्या पंचांगातही बसत होता. हे पंचांना सांगितलं नाही.

पण खरी पंचाईत मोज्याची झाली. रांजणावर कागदाचा पांढरा मोजा कापून उलटा, बोटं वर करून चिकटवतात. जांग नासवायला येतं ते घाबरून पळतं, असं म्हणतात. मालजाच्या जुन्या रांजणावर तो होता. मीही एक कापला. उम पंच जिना चढून वर आले.

"चर्चच्या गच्चीवर जादूटोणा?" ते म्हणाले. "प्योसाहेब, मालजाताईंना हे चाललं असतं का?"

"तिनेच लावलाय," मी जुना रांजण दाखवला.

ते वाकून बघायला लागले. उन्हाने कागद पिवळा पडला होता. त्यावर पेनाने काढलेला छोटासा क्रॉस होता, जेमतेम दिसेल इतका. पंच सरळ झाले. "क्रॉस आहे," म्हणाले. "मग तो मोजा नाही. मग चालेल." मालजाने इतकी वर्षं दोन्ही बाजू अशा सांभाळल्या होत्या. मीही माझ्या मोज्यावर क्रॉस काढला. तो हातात सरळ धरून पंचांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि ते बटणं विकायला खाली गेले. मग मी मोजा उलटा करून चिकटवला.

आता ग्वाकबाईंनी विचारलं, "घरचं जुनं आणलंत का?"

आमच्या घरी ओट्याखाली एक छोटी बरणी होती. तिच्यात मालजाच्या सर्वांत जुन्या जांगाचं काळं पाणी होतं. तिच्या आईच्या रांजणातून आलेलं. दर वर्षी त्यातलं थोडं ती नव्या रांजणात घालायची आणि नव्यातलं पुढे थोडं बरणीत. त्यामुळे चव कधी तुटली नाही. ग्वाकबाई म्हणाल्या, एक पळी घाला.

लिफ्टच्या दोराला लागते त्याच्या कितीतरी पट जास्त ताकद ठेवायची असते. ती सवय माझ्या हाडात आहे. एक पळी मला कमी वाटली. मला ती चव नक्की हवी होती. मी बरणी उपडी केली आणि वर मिठाच्या पाण्याने खळबळून तेही ओतलं.

ग्वाकबाईंनी माझा हात धरला, पण उशीर झाला होता. "अहो, सगळं?" त्या म्हणाल्या. "काय केलंत हे! आता हे नासलं तर तिचं काहीच उरलं नाही की हो!"

"नासणार नाही," मी म्हणालो. मला तसं वाटत होतं.

वर कोळसा तरंगत होता, लाल मिरच्या तरंगत होत्या. ऊन चांगलं होतं. बेक पाळकांनी रांजणाचा फोटो काढला आणि चर्चच्या ऑनलाइन पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा जिवंत रांजण. वाट पाहतो आहोत.' त्याआधीचे तुडवण्याचे आणि विटांखालच्या नाताळाचेही फोटो तिथे होतेच.

मोजा उलटा लावला की त्यावरचा क्रॉसही उलटा होतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मालजाने तिचा क्रॉस आधीच उलटा काढून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. पण आता फोटोत आमच्या गच्चीवर, खऱ्या क्रॉसच्या बरोबर खाली, एक ठळक काळा उलटा क्रॉस दिसत होता, सैतानाची खूण म्हणतात तसा.

आमच्याकडे पाखंडी पंथांची भीती फार आहे, आणि ती उगाच नाही. रस्त्यावर कुणी हसून बोललं तरी माणसं आधी विचारतात, तुम्ही कुठल्या चर्चचे. कुणी तरी तो फोटो वर पाठवला. महिन्याभरात विभागीय मंडळाची पाखंड चौकशी समिती आमचा जिना चढून आली.

काळ्या सुटातले तीन गृहस्थ होते. हॉलमध्ये पोचले तेव्हा तिघांनाही धाप लागली होती. माझं मन म्हणालं, इथे एक लिफ्ट हवी. त्यांनी पहिल्यांदा रांजण बघायला मागितला. मी त्यांना गच्चीवर नेलं, काचेचं झाकण काढून बाजूला ठेवलं. समितीच्या अध्यक्षांनी आत वाकून पाहिलं.

"हे काळं काय?"

"कोळसा."

"लाल?"

"मिरच्या."

"कशासाठी टाकता?"

"मालजा टाकायची."

शेजारच्याने लिहून घेतलं. "मालजा म्हणजे कोण?"

"माझी बायको."

"त्यांना बोलवा."

"ती वारली," मी म्हणालो. त्याने तेही लिहून घेतलं. मग ते म्हणाले, खाली बसून बोलू. आम्ही खाली आलो. एवढी बडी माणसं आली म्हणून मी त्यांच्या पुढे पुढे जिना दाखवत उतरलो, दिवे लावत गेलो. यजमानाने जे जे करायचं ते केलं.

जेवायची वेळ होती. ग्वाकबाईंनी सूप वाढलं, दुकानातल्या जांगाचं. टेबलाच्या एका बाजूला ते तिघे, समोर मी, बेक पाळक आणि उम पंच. मेंग आजोबा त्यांच्या जागी, दाराशी. बाकी मंडळी भिंतीलगत.

"तुम्ही उपासनेत सोयाबीन तुडवता?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकदाच," पाळक म्हणाले.

"दोन कडवी उरली तेव्हा हळू तुडवलं," उम पंच म्हणाले. त्यांना मदत करायची होती.

"नाताळात छताला विटा टांगल्या होत्या?"

"त्या वाळत होत्या," मी म्हणालो.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मग वॉर्ड ऑफिसात तुम्ही सहीनिशी 'उपासनेच्या वस्तू' असं का लिहून दिलंत?"

सही माझी होती. मला नाकारता येईना. "परवाना लागू नये म्हणून," मी सांगितलं. खरं उत्तर इतकं हलकं वाटलं की ते कुणालाच पटलं नाही.

"आणि उलटा क्रॉस?"

"तो मोजा आहे."

"मोजा?"

"मोजा नाही," उम पंच घाईने म्हणाले. "क्रॉसच आहे. मी स्वतः पाहून परवानगी दिली."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात मेंग आजोबांनी वाडगा पुढे सरकवला. त्यांना वाटलं, पाहुण्यांना सुपाची अडचण आहे.

"हे सूप मेलेलं आहे साहेब," ते म्हणाले. "हे बघून काही ठरवू नका. खरी मालजा वर रांजणात आहे. अजून थोडे दिवस आहेत. मग ती खाली येईल आणि आम्ही सगळे जेवू."

लिहिणाऱ्याचं पेन जोरात चाललं होतं. पाळकांनी डोळे मिटले. अध्यक्ष टेबलावरून माझ्याकडे झुकले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"प्योसाहेब, नीट विचार करून सांगा. तुमच्या पत्नी त्या रांजणातून परत येतील, असा तुमचा विश्वास आहे का?"

'नाही' म्हणायचं होतं. सोपा शब्द आहे. मी आयुष्यभर माणसांना नाही म्हणालो आहे, लिफ्ट बंद, जिना वापरा. पाळक माझ्याकडे बघत होते. त्यांचं पाळकपण त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द येईना. थंडीभर मी त्या विटा उलटसुलट करत होतो ती कशासाठी, हे मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"मला..." मी म्हणालो, आणि खिडकीवर थेंब वाजले.

मी वर बघितलं. ग्वाकबाईंनी वर बघितलं. झाकण बाजूला ठेवलेलं होतं. मी खुर्ची पाडून जिन्याकडे धावलो. मागून ग्वाकबाई ओरडत होत्या, "मालजा! मालजा भिजतेय!" मंडळी माझ्यामागे धावली. पांगसुद्धा खालून काठी घेऊन आला, त्याला वाटलं आग लागली. पाखंडी माणसं जशी धावतील असं समितीला वाटत असेल, अगदी तसे आम्ही धावलो.

पाऊस मोठा नव्हता. पण रांजण काठोकाठ भरला होता आणि पाण्यात पाणी पडत होतं. मी झाकण घातलं. वर छत्री धरली, मग कोट टाकला. मग नुसता उभा राहिलो. बाकीचेही उभे राहिले. पावसाचं पाणी पडलेलं जांग टिकत नाही हे दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या दोघींनाही ठाऊक होतं.

समितीचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. पाखंड आढळलं नाही, अविवेक आढळला. नवनवीन उपासना तूर्त थांबवाव्यात, व्यासपीठ जागेवर ठेवावं. बेक पाळकांनी आणि मी ते जिन्याखालून काढून आणलं. पाळक हल्ली छापील प्रवचन वाचतात. आम्ही रांगेत बसतो. उम पंचांचा विजय झाला, पण ते प्रवचनात पेंगतात आणि मग चिडून म्हणतात, पूर्वी निदान जागं राहावं लागायचं. गेल्या रविवारी पांग दारात आला आणि म्हणाला, "काका, वर फारच शांत असतं हो. गिऱ्हाईकं चुकतच नाहीत. मजा नाही."

सूप आता दुकानातल्या जांगाचं असतं. पहिले काही रविवार लोक चमचा तोंडात घालून थांबायचे. आता थांबत नाहीत. परवा मेंग आजोबांनी दुसरा वाडगा मागितला. ग्वाकबाईंनी माझ्याकडे न बघता तो भरून दिला.

सल्ले अजून येतात. ग्वाकबाई म्हणतात, उघडून आणखी मीठ घाला. उम पंचांच्या मिसेस म्हणतात, उकळून घ्या. मुलगी म्हणते, "बाबा, नुसता वास घेऊन तर बघा, नासलं असेल तर लगेच कळतं." म्हणूनच तर मी वास घेत नाही. ऊन असलं की वर जातो, झाकणावरची धूळ पुसतो, कडेने कापड फिरवतो. काचेखाली वाफ धरलेली असते, आतलं दिसत नाही. मोजा मी सरळ केलेला नाही. घरी ओट्याखाली रिकामी बरणी आहे, ती धुतलेली नाही.

विटा काढून जांग एका रांजणात आणि काळं पाणी दुसऱ्या रांजणात करायचं असतं. त्याची वेळ होऊन गेली. अजून ते केलेलं नाही.